उजव्या हाताची भुजली

मी लहान असताना आमच्या घरात देव्हारा नव्हता. इतरांच्या घरी जिथे देव असत, तिथे माझ्या वडिलांची पत्रकं रचून ठेवलेली असत. हुंड्याविरुद्धची, बुवाबाजीविरुद्धची, मुलींच्या शाळेसाठीची. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. देवापुढे हात पसरणारं माणूस दिसलं की मला त्याची कीव यायची आणि थोडा रागही. मागायचं तर माणसाकडे मागावं, हक्काने मागावं, नाही मिळालं तर जाब विचारावा, हे माझ्या अंगात भिनलेलं. लग्न होऊन नाकाडोंगरीच्या बाजूच्या या गावात आले, तेव्हा सासूबाईंबरोबर तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, मातामाय देवीला जाऊ लागले. तेसुद्धा त्यांना गुडघ्यामुळे एकटीने पाळ चढवत नाही म्हणून. त्या हात जोडत, मी तलाव पाहत उभी राहायची. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं कोण लिहिते आहे ते वाचणाऱ्याला कळेल.

माझी मुलगी आचल नववीत आहे आणि शाळेच्या सॉफ्टबॉलच्या संघात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, आहे. आमच्याकडे हा खेळ शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी आणला. सुरुवातीला गावातली पोरं कुंपणाला टेकून म्हणायची, "हे काय क्रिकेट होय का, खालून फेकते?" मग एकदा त्यातल्या एकाला बॅट घेऊन उभं केलं, आणि आचलच्या चेंडूला त्याची बॅट लागलीच नाही, तेव्हापासून कुंपण रिकामं झालं. पिचरचा हात कानाजवळून वर जातो, पूर्ण गोल फिरतो आणि कमरेपाशी चेंडू सुटतो. तो पायलच्या ग्लोव्हमध्ये आदळल्याचा आवाज रस्त्यापर्यंत येई. पायल म्हणजे तिचे चेंडू झेलणारी कॅचर. पहिलीपासूनची मैत्रीण. दोघींचा डबा एक, सायकल एक.

दुखापती येत-जात राहिल्या. मागच्या वर्षी बेसवर, म्हणजे धावेच्या टप्प्यावर, घसरत पोचताना घोटा मुरगळला, नंतर एकदा बोट सुजलं. शेजारच्या बाया म्हणायच्या, "आचलची माय, लगन कराचं आहे नं पोरीचं? हातपाय तं जागेवर राहू दे." मी त्यांना सरळ सांगायची की पोरीचे हातपाय लग्नासाठी नसतात, पोरीसाठी असतात. मला स्वतःचं ते वाक्य फार आवडायचं.

या पावसाळ्यात तिचा उजवा खांदा दुखू लागला. तिने ते कुणालाही सांगितलं नाही. कळलं फक्त पायलला, कारण चेंडू तिच्याच हातात पडायचा आणि त्याचा जोर कमी झालेला तिच्याच तळव्याला जाणवायचा. पायलने आधी तिला विचारलं, मग विनवलं, आणि शेवटी सरांना सांगितलं. सरांनी आचलला बसवलं आणि आठवीतल्या एका मुलीच्या हाती चेंडू दिला. आम्ही तिला तुमसरला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात वर करायला लावला. तो खांद्याच्या वर गेला नाही. खांद्यातला स्नायू सुजला आहे, आता विश्रांती दिली तर पूर्ण बरा होईल, पण अशात जोर लावून चेंडू फेकला आणि तो फाटला, तर हात पुन्हा नीट वर जाईल याची खात्री नाही, असं त्यांनी सांगितलं.

आचलच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट राहिली, की पायलने चुगली केली. तिने डबा वेगळा केला, सायकल वेगळी केली. संघात दोन बाजू पडल्या. अर्ध्या पोरी म्हणत पायलने बरोबर केलं, अर्ध्या म्हणत तिला नव्या पोरीची कॅचर व्हायचं होतं. सरावाला पोरी आपापल्या बाजूला चेंडू टाकत. सर एकदा वैतागून मला म्हणाले, "ताई, मी यायले बेस शिकवला, बॅट धरणं शिकवलं. आता बोलणं कोण शिकवन?"

मी ते माझ्या अंगावर घेतलं आणि पायलच्या घरी गेले. ओट्यावर उभी राहून बोलले. मैत्रीतला विश्वास, मुलींची एकजूट, एकीने दुसरीचं नुकसान करू नये, असं बरंच काही. पायलची आई भाजीला शेंगा मोडत होती. तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "तुमचं भाषण चांगलं आहे बाई. पण माही पोरगी जेवून नाई राहिली तिकडं. तुमच्या पोरीचा हात वाचवाले सांगतलं तिनं. तुमी कायले भांडाले आल्या, तेच समजून नाई राहिलं मले." मी घरी आले. तिचं बोलणं खरं होतं.

आमच्या भागात राखीच्या दुसऱ्या दिवशी भुजली असते. काही दिवस आधी टोपलीत माती घालून गहू पेरतात, अंधाऱ्या खोलीत ठेवून पाणी देतात, आणि त्याला लांब, पिवळसर, मऊ कोंब येतात. त्या दिवशी बाया-पोरी टोपल्या डोक्यावर घेऊन गाणी म्हणत तलावावर जातात, माती पाण्यात सोडतात आणि धुतलेले कोंब एकमेकींना देतात. लहानांनी मोठ्यांच्या कानात खोवायचे आणि पाया पडायचं, बरोबरीच्यांनी एकमेकींना देऊन गळाभेट घ्यायची. कुणी भुजली दिली किंवा मागितली की नाही म्हणायचं नाही आणि वर्षाचं भांडण तिथेच सोडायचं, अशी रीत. सासूबाईंनी यंदा टोपली आचलच्या हवाली केली होती. खेळ बंद असल्याने तीही रोज निमूटपणे पाणी घालत होती. मला वाटलं, पोर शांत झाली.

भुजलीच्या सकाळी तिची रिबन दप्तराजवळ पडलेली दिसली म्हणून मी उचलायला गेले, तर उघड्या कंपासपेटीत दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट सापडलं. जिल्ह्याच्या सामन्यांसाठी सर दुसऱ्या दिवशी संघ निवडणार होते. ती गोळ्या खाऊन सरांसमोर उभी राहणार होती, खांदा बरा झाला म्हणून सांगणार होती आणि पूर्ण जोराने चेंडू टाकणार होती. मी विचारलं तेव्हा तिने काहीच लपवलं नाही.

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना तू?"

"उद्याचाच तं दिवस आहे. एकदा नाव लागलं की करीन आराम."

"आणि हात गेला म्हणजे?"

"तूच तं म्हणते, आपला हक सोडाचा नाई. ते माही जागा होय. मी काहून सोडू?"

मी तिला ओरडले, समजावलं, गोळ्या काढून घेतल्या. ती नुसती माझ्याकडे बघत होती. ती नजर माझी ओळखीची होती, मी अशीच लोकांकडे बघते. गोळ्या काढून घेतल्या तरी ती फेकणार, गोळीशिवाय फेकणार, हे मला कळलं. सरांना मी सांगितलं असतं, तर पायलसारखीच मी तिच्यासाठी कायमची पलीकडची झाले असते, आणि तिने कुठल्यातरी शेतात, कुठल्यातरी भिंतीवर, मला न सांगता हात फिरवलाच असता. तिला अडवायला माझ्याकडे शब्दच होते, आणि तेच शब्द तिने माझ्यावर उलटवले होते. तिचे बाबा खाणीवर कामाला गेलेले. घरात सासूबाई. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "टोपली उचल वं आचल, बाया निघाल्या."

पायल तिथे असणार म्हणून आचल यायला तयार नव्हती. आजीच्या शब्दासाठी आली. टोपली मात्र तिने डोक्यावर घेतली नाही, डाव्या कडेवर घेतली. पाळीवर मातामायच्या कडुनिंबाखाली सगळ्या टोपल्या घडीभर टेकवतात, तशा टेकवल्या. बाया हात जोडून उभ्या होत्या. मीही उभी होते. आणि त्या घडीला, आयुष्यात पहिल्यांदा, माझे हात जोडले गेले. मी काही मागितलं नाही. नवस बोलायला मला येतच नाही. मनात एवढंच आलं, माय, मी सगळं बोलून पाहिलं, आता माझ्याजवळ काही उरलं नाही, ही पोर तुझ्या हवाली. शेंदूर लावलेल्या दगडाकडे पाहून असं म्हणताना मला लाज वाटली नाही. उलट सकाळपासून आवळून धरलेला श्वास सुटल्यासारखा वाटला.

घाटावर गर्दी होती. पोरी पाण्यात उतरून कोंब धूत होत्या, बाया एकमेकींना चिडवत होत्या. "यंदा तरी बोल वं माह्यासंग, मागच्या वर्षीची भुजली वाया गेली माही," असं कुणी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. वरच्या पायरीवर एक म्हातारी उभी होती. गावातली नव्हती. हातात कापडी पिशवी, पायात रबरी चपला. आचल तिच्या बरोबर खाली, घोटाभर पाण्यात, मुठीत कोंब घेऊन एकटी उभी होती. पायल दहा हातांवर, तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत. म्हातारी आचललाच म्हणाली, "मले कोण देते वं भुजली? माह्या गावची पोरगी नाई इथं एकबी."

आचलने डावा हात पुढे केला.

"डाव्या हातानं नाई देत बाई. उजव्यानं दे, कानात खोव. मले खाली नाई उतरता येत, पाय घसरते."

नाही म्हणायची सोय नव्हती. आचलने कोंब उजव्या हातात घेतले आणि हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि थांबला. तिने ओठ दाबून अजून वर नेला. कोंब थरथरायला लागले. तिचा चेहरा पांढरा पडला, आणि डोळ्यांतून पाणी आलं. मी पुढे व्हायला पाऊल उचललं, पण सासूबाईंनी माझा पदर धरून ठेवला. तेवढ्यात पायल आपली टोपली पाण्यात तशीच सोडून आली. आचलच्या कोपराखाली तिने आपला तळवा धरला, जसा ती चेंडूसाठी धरते तसा, आणि हळूहळू हात वर उचलला. दोघींनी मिळून म्हातारीच्या कानामागे कोंब खोवले.

म्हातारी हसली. "दोघींनी देल्ली म्हणजे मले दोन भुजल्या भेटल्या." मग घाटाकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "या पोरीले काही काम नोका सांगू बाप्पा अशात. लय दुखून राहिला तिचा हात." आणि आचलच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "हात तुहाच आहे मा. कुठी नाई जात. बसू दे त्याले थोडा."

हेच डॉक्टरांनी सांगितलं होतं, पायलने सांगितलं होतं, मी घसा फाडून सांगितलं होतं. आचल पायलच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. पायल म्हणाली, "चुगली नव्हती वं ते." आचल म्हणाली, "मालूम आहे." बस, इतकंच. माझ्या अख्ख्या भाषणाच्या जागी हे चार-सहा शब्द.

गळाभेटी उरकून मी त्या बाईंना पाया पडायला शोधलं, तर त्या निघून गेल्या होत्या. कुणी म्हणालं, राखीला भावाकडे आल्या असतील, कुणी म्हणालं, जंगलाकडच्या गावच्या, बस धरायची होती त्यांना. कोणाच्या घरच्या पाहुण्या, ते अजून कळलेलं नाही. वडिलांना मी फोनवर हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बुढीले पोरीचा हात दुखतो दिसला, तिनं सांगतलं. यात देव कुठं आला?" मी म्हटलं, खरं आहे. मग तेच म्हणाले, "पण तुह्यासाठी कोणीतरी आलं, हे बरं झालं." मीसुद्धा याहून जास्त काही म्हणत नाही. वाद घालायची माझी सवय मोठी आहे, पण या एका गोष्टीवर मला कुणाला जिंकायचं नाही. त्या सकाळी मी पोरीचा हात सोडला आणि कुणीतरी तो धरला, एवढं मला माहीत आहे, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

दुसऱ्या दिवशी आचल स्वतः सरांकडे गेली आणि म्हणाली, मी टाकू शकत नाही. मग तिने आठवीतल्या मुलीला बोटांची पकड शिकवायला घेतली. जिल्ह्याच्या सामन्यात पोरी दुसऱ्याच फेरीत हरल्या. आचल पहिल्या बेसजवळ उभी राहून "पळ, थांब, पळ" ओरडत होती, आवाज बसेपर्यंत. परतताना जीपमध्ये सगळ्या एकमेकींच्या अंगावर झोपल्या होत्या, कोण कुठल्या बाजूची ते ओळखू येत नव्हतं. सामना पाहायला आलेले तिचे बाबा हळूच म्हणाले, "हरून आल्या का जिंकून, पाहा बरं."

मी मुलीला लढायला शिकवलं, त्याचा मला पश्चात्ताप नाही, आजही तेच शिकवीन. पण धरलेली गोष्ट खाली कधी ठेवायची, हे मला शिकवता आलं नसतं, कारण ते मलाच येत नव्हतं. आई होण्यात एक गर्व असतो, की हिचं सगळं माझ्याच जिवावर चाललं आहे. ती आधीपासूनच कितीतरी हातांवर होती. मैत्रिणीच्या, आजीच्या, वाटेवरच्या एका अनोळखी बाईच्या. आणि त्या सगळ्या हातांच्या मागे जे कुणी आहे, त्याच्या. आता मी सासूबाईंबरोबर पाळीवर जाते तेव्हा हात जोडते. मागायचं अजूनही सुचत नाही.

धान कापून झालं तोवर खांदा मोकळा होत गेला. त्या सगळ्या महिन्यांत तिच्या वेण्या मीच घालत होते, कारण हात डोक्यामागे जात नव्हता. काल सकाळी मी कंगवा घेऊन तिच्या खोलीशी गेले, तर ती आरशापुढे उभी होती. दोन्ही कोपरं वर, दोन्ही हात डोक्यामागे, तोंडात रिबन. ती स्वतःची वेणी घालत होती. मला आरशात पाहून तिने भुवया उडवल्या. मी कंगवा कमरेला खोचला आणि चुलीकडे वळले.