गुरुदासच्या नावाचा लॅपटॉप

गौरवी मूळची पेडण्याची. वडलांचं, गोकुळदासांचं, बाजारात भुसाराचं दुकान होतं आणि मुलीनं बारावीनंतर गल्ल्यावर बसावं अशी त्यांची इच्छा होती. ती बसली नाही. आयटीआयत जाऊन कॉम्प्युटर दुरुस्ती शिकली आणि डिचोलीत एका छोट्या कंपनीत नोकरीला लागली. मालकाचं नाव सगुण. लोक त्यांना सगुणबाब म्हणत. आसपासचे दवाखाने, पतसंस्था, लहान कारखाने यांचे कॉम्प्युटर बघायचं, हा त्यांचा धंदा.

त्या काळी एखाद्या कचेरीत चार नवी मशीन आली की गौरवीचा अख्खा दिवस तिथे जाई. पेनड्राइव्ह लावून विंडोज चढवायचं, हिशेबाचं सॉफ्टवेअर टाकायचं, प्रिंटर जोडायचा, प्रत्येकाचा ईमेल चालू करून द्यायचा. मधल्या वेळात पडद्यावरचे टक्के सरकताना बघत बसायचं. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्यात ती अशीच बसली होती, तेव्हा तिथलं स्टोअर सांभाळणाऱ्या गुरुदासनं तिला चहा आणून दिला. मग भजी आणून दिली. त्यानंतर त्या कारखान्यातला प्रिंटर वरचेवर बिघडू लागला. गौरवी जाऊन बघे, तर प्रिंटरला काही झालेलं नसे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिनं त्याला तोंडावर विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "आता न बिघडता बोलवलं तर येशील?"

वर्षभरात लग्न झालं आणि ती त्याच्या घरी, मुळगावला आली. घरात सासू चंद्रावती आणि हे दोघं. मूल झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी आपापल्या परीनं केलं आणि मग त्याबद्दल बोलणं थांबवलं.

पुढे कामाची पद्धत बदलली. सगुणबाबांनी सगळ्या गिऱ्हाइकांची मशीन क्लाउडवर घेतली. आता नवा लॅपटॉप सीलबंद खोक्यातून थेट माणसाच्या हातात जातो. त्यानं तो उघडायचा, वायफाय जोडायचं, कंपनीचा ईमेल आणि पासवर्ड टाकायचा. बाकीचं आपोआप होतं. कोणाला कुठलं सॉफ्टवेअर द्यायचं, कोणता प्रिंटर, काय उघडू द्यायचं आणि काय नाही, हे गौरवीनं आधीच आपल्या पडद्यावर ठरवून ठेवलेलं असतं. ती डिचोलीच्या बाजारातल्या वरच्या मजल्यावरून उठतसुद्धा नाही. माणूस नोकरी सोडून गेला तर तिथूनच एक बटण दाबायचं. मशीन स्वतःला पुसून कोरं होतं आणि पुढच्या माणसाची वाट बघतं.

"बरं झालं," गुरुदास तिला चिडवायचा. "आता तुला कोण भजी देणार नाही."

तो गेला तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता. सकाळी स्टोअरमध्ये माल मोजताना डोकं धरून खाली बसला. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दोन दिवस यंत्रावर होता, मग संपलं.

गौरवी रडली नाही. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, धक्का बसलाय. बाराव्यापर्यंत नातेवाईक एकमेकांकडे बघू लागले. तिनं सगळं केलं. आलेल्यांना पाणी दिलं, भटजींना काय हवं नको ते बघितलं, सासूला वेळेवर गोळ्या दिल्या. कोणी जेवायला सांगितलं की जेवली. तोंडाला चव नव्हती, पण भूक लागत होती, आणि आपल्याला भूक लागते याचंही तिला काही वाटत नव्हतं.

कामावर रुजू झाली त्याच आठवड्यात कारखान्याकडून विनंती आली. कोणी मुद्दाम तिला पाठवली नव्हती. सगळ्या विनंत्या तिच्याच पडद्यावर येतात. गुरुदासचं खातं बंद करावं, त्याचा लॅपटॉप कोरा करून नव्या मुलीला, ऋतिकाला, द्यावा.

सगुणबाबांनी मागून वाचलं. "तू करू नको गो," ते म्हणाले. "ह्या माझ्याकडे दी."

"होतला माझ्याकडून," ती म्हणाली.

तिनं त्याचं खातं बंद केलं. त्याची मेल त्याच्या साहेबांकडे वळवली. कामाच्या फाइली क्लाउडवर होत्याच, त्या ऋतिकाला दिसतील असं केलं. मग मशीनच्या यादीत त्याचं नाव शोधून पुसण्याची आज्ञा दिली. खरंच पुसायचं का, असं यंत्रानं विचारलं. तिनं होय म्हटलं. नावासमोर 'प्रलंबित' असा शब्द आला.

येणारच होता. मशीन बंद असलं तर आज्ञा नुसती थांबून राहते, ते चालू होऊन नेटला जोडलं की मग लागू होते. आणि लॅपटॉप मुळगावच्या घरात, गुरुदासच्या बॅगेत होता. बॅग दाराजवळच्या खुंटीला. कोसळला त्याच्या आदल्या रात्री तो घरी काम करत बसला होता आणि सकाळी बॅग न्यायला विसरला होता.

पुढे कितीतरी सकाळी ती पडदा उघडी आणि तो शब्द बघे. कारखान्याचे साहेब भले. ऋतिका दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनवर पाळीपाळीनं काम करत होती, तरी त्यांनी एकदाही फोन केला नाही. घरी चंद्रावती त्या बॅगेला कोणाला हात लावू देत नव्हती. झाडू मारायला आलेल्या बाईनं ती जरा सरकवली तर तिच्यावर ओरडली. "थंयच ऱ्हवांदे ती."

एका रविवारी दुपारी गौरवीनं बॅग खाली काढली. चंद्रावती मेजाशी बसून सुपात कुळीथ निवडत होती. तिनं मान वर केली, पण ओरडली नाही.

"परत देवचो लागतलो?"

"होय. कारखान्याचो तो."

लॅपटॉपची बॅटरी उतरली होती. गौरवीनं कुळथाचं सूप थोडं बाजूला सारून तो मेजावर ठेवला, चार्जर लावला, बटण दाबलं. घरचं वायफाय त्याला ओळखीचं होतं, आपोआप लागलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पडदा काळा झाला आणि मशीन पुन्हा सुरू व्हायला लागलं.

"त्येचा सगळा जातला?" चंद्रावतीनं विचारलं.

"हयला जातला. कामाचा सगळा वर ठेवलेला असता."

चंद्रावतीचा हात सुपात थांबला. "वर म्हणजे खंय?"

गौरवीला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. कचेरीत सगळे असंच म्हणतात. "वर म्हणजे तसा न्हय, आई," ती म्हणाली. "दुसऱ्या मशीनात. लांब खंय तरी. मी पण बघूक नाय ती जागा."

"बरा," चंद्रावती म्हणाली.

मग दोघी बसून राहिल्या. पडद्यावर टक्के वाढत होते. गौरवीला वाटलं, आता येईल. रडू नाही तर निदान काहीतरी. तिनं घशाकडे लक्ष दिलं. घसा कोरडा होता, इतकंच. बाहेर कोणीतरी दुचाकी उभी करत होतं. पडद्यावर भाषा निवडण्याचं पान आलं, तेव्हा तिनं लॅपटॉप बंद केला.

"झाला?"

"झाला."

चंद्रावतीनं सूप पुन्हा पुढे ओढलं.

सोमवारी कामावर जाता जाता गौरवीनं तो स्वतः नेऊन दिला. ऋतिका जेमतेम बाविशीची, सडपातळ मुलगी. तिनं ईमेल टाकला, पासवर्ड टाकला. पडद्यावर तिच्या नावानं स्वागत आलं आणि मागोमाग हिशेबाचं, स्टॉकचं एकेक सॉफ्टवेअर आपापलं येऊन बसू लागलं. ती खुर्चीत अवघडून बसली होती.

"ताई, मला दुसरा जुना दिला असता तरी चाललं असतं," ती म्हणाली.

"हा चांगला आहे," गौरवी म्हणाली. "बॅटरी बरी टिकते." आणि ती बाजारातल्या कचेरीत गेली. दुपारी पडद्यावर त्या मशीनसमोर ऋतिकाचं नाव आणि हिरवी खूण दिसत होती. तिनं पुढची विनंती उघडली.

पेडण्याहून भाऊ तिला न्यायला आला. "बघूया," ती म्हणाली. पुढच्या महिन्यात पुन्हा आला, तेव्हाही तेच म्हणाली. मुळगावला राहायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. जायचंही ठरवलं नव्हतं. सकाळी पोदेराकडून पाव घ्यायचे, बस धरायची, संध्याकाळी परत यायचं. कामात चूक होत नव्हती. सगुणबाब कोणाला तरी सांगताना तिनं ऐकलं, पोरगी सावरली म्हणून. सावरली नव्हती, पण तसं सांगायलाही तिच्याकडे काही नव्हतं.

मग गणपती होऊन गेल्यावर एके दिवशी ती घरी आली तर अंगणात स्कूटर नव्हती. गुरुदासची स्कूटर. चंद्रावतीनं ती आपल्या पुतण्याला, साईशला, दिली होती. तो औषधांच्या कारखान्यात पाळीवर जायचा आणि त्याची गाडी मोडली होती.

"माका विचारूक नाय?" गौरवी म्हणाली.

"पडान कुजत होती. तू खंय चालवतंस?"

"नाय चालवत. तरी माका विचारूचा होता. ती त्येची होती. माझी होती. तुमी माका न विचारता..." तिचा आवाज वर गेला, आणखी वर गेला. शेजारची खिडकी उघडल्याचं तिनं ऐकलं आणि तरी थांबली नाही. आतापर्यंतचं सगळं त्यात आलं. हॉस्पिटलात कोणी काय ठरवलं, बाराव्याला कोणी काय म्हटलं, भाऊ येतो तेव्हा चंद्रावती आत जाऊन का बसते. शेवटी शब्द संपले तेव्हा ती पायरीवर बसली होती.

चंद्रावती दारात उभी होती. "तू कायच बोलत नव्हतंस," ती हळू म्हणाली. "माका वाटला, तुका आता त्येचा काय नको."

गौरवी पायरीवरून उठून न्हाणीत तोंड धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी साईश स्कूटर घेऊन आला. मान खाली घालून किल्ली पुढे केली. गौरवीनं ती घेतली नाही. "चालव तू," ती म्हणाली. "पाळीवर वेळेर पावाक होया."

तो गेल्यावर चंद्रावतीनं आतून विचारलं, रसाचं तिखलं करू की सुकं. बांगडे आले होते.

"तिखला," गौरवी म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "थांबा, मी येतंय वाटण वाटूक." आणि चपला काढून आत गेली.