राज्याभिषेकाची काच

सकाळची संध्या आटोपून मी पाट उचलत होतो, तेवढ्यात वामनच्या वाडीतले एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले आणि वहाणा न काढताच म्हणाले, "मास्तर गेले हो. पहाटे." वामन तापाने पडला होता हे मला ठाऊक होते. आदल्या संध्याकाळीच मी त्याच्यापाशी बसून आलो होतो, आणि त्याने नेहमीप्रमाणे माझ्या पोटावरून टोमणाही मारला होता. टोमणा मारणारा माणूस सकाळपर्यंत जातो कसा, हे मला त्या दिवशी कळले नाही आणि इतक्या आठवड्यांनंतर आजही कळत नाही. सोनापूरच्या स्मशानात त्याचा पुतण्या क्रियेला बसला. भटजी म्हणाले, "अपसव्य करा." पुतण्या भांबावला. जानवे डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घ्यायचे एवढेच, पण त्याला उजवे-डावे सुचेना. शेवटी भटजींनीच ते फिरवले. ते पाहून मला एकदम हसू आले, आणि पाठोपाठ असे रडू कोसळले की दोघांनी धरून मला बाजूला बसवले. त्या हसण्याचे कारण सांगायचे तर सगळीच हकीकत सांगायला हवी...

वामन आणि मी रत्नागिरीकडचे, एका गावचे. इंग्रजी शिकायला म्हणून गिरगावात आलो आणि बरीच वर्षे एका खोलीत राहिलो. मी कचेरीत चिकटलो. तो ठाकूरद्वारच्या एका खासगी शाळेत इतिहासाचा मास्तर झाला. इतिहास म्हणजे तेव्हा सनावळी. कोण केव्हा गादीवर बसला, कोण केव्हा मेला, पोरांनी घोकायचे आणि मास्तरांनी छडी घेऊन ऐकायचे. वामनला याचा भारी कंटाळा. "अरे, मेलेल्यांची हजेरी घेतल्यासारखं वाटतं मला," तो म्हणे. एकदा कोटात, साहेबांच्या वस्तीत झालेल्या लिलावात, विलायतेस परतणाऱ्या कोणा साहेबाचा मॅजिक लँटर्न त्याने घेतला. पत्र्याची पेटी, आत घासलेटचा दिवा, पुढे भिंगाची नळी. रंगवलेली काच मध्ये सरकवली की समोरच्या पडद्यावर तेच चित्र हत्तीएवढे होऊन उभे राहते. आम्ही त्याला जादूचा कंदील म्हणत असू. बरोबर काचाही होत्या, पण त्यांवर सगळी लंडनची घड्याळे आणि बर्फातल्या गाड्या. रायगड कुठून असणार?

मग स्वारी स्वतःच काचा रंगवायला बसली. मोठी अडचण चेहऱ्यांची होती. जुन्या लोकांचे चेहरे पाहिलेत कोणी? वामनने तोड काढली की ओळखीच्या माणसांनाच उभे करायचे. खिंड लढवणारा वीर म्हणून त्याने परळच्या गिरणीतल्या राघोला धरून आणले. राघो मालवणकडचा, अंगाने दांडगा. सुटीच्या दिवशी तो हातात काठी उगारून उभा राही आणि थोड्या वेळाने कुरकुरू लागे, "मास्तरानू, हात भरान इलो माझो. तुमचा चित्र कधी होतला?" वामन म्हणे, "राजे गडावर पोचेपर्यंत दम धर." राज्याभिषेकाच्या काचेसाठी उपाध्याय हवा होता. त्या कामी माझी निवड झाली, गुणांमुळे नव्हे, पोटामुळे. उघड्या अंगाने, जानवे दिसेल असा, कलश कलता धरून मी वामनच्या खोलीत तासन्‌तास उभा राहिलो आहे. कलश त्याने पाण्याने काठोकाठ भरून दिला होता. रिकामा कलश धरणाऱ्याच्या हातात जडपणा दिसत नाही म्हणे! यमुनावहिनी, म्हणजे वामनची बायको, आत पदर तोंडाला लावून हसत होत्या, तेही मला ऐकू येत होते.

त्या काचांत वहिनींचाही एक वाटा होता. काच कंदिलात घालताना डोके खाली, पाय वर अशी घालावी लागते, तेव्हा चित्र सरळ पडते. ते कोणालाही जमेल. पण काचेचे कोणते अंग दिव्याकडे, हे चुकले की उजव्याचे डावे होऊन बसते, आणि अंधाऱ्या वर्गात घाईने ते उमगत नाही. म्हणून वामनने युक्ती केली. प्रत्येक काचेच्या रंगाच्या अंगाला, कोपऱ्यात, वहिनींनी डिंकात कालवलेल्या कुंकवाचे एक बोट लावायचे. काच घालताना अंगठा त्या बोटावर ठेवला की झाले. "सवाष्णीच्या हातचं बोट आहे, चुकायचं नाही," असे म्हणून तो पुढची काच त्यांच्यासमोर ठेवी.

खिडक्यांना कांबळी लावून, ओले धोतर ताणून वामन वर्ग घेई. दिव्याची काजळी, पोरांचा घाम, ठसका... आणि सगळ्यांच्या मागे, कंदिलापाठी, वामनचा आवाज. मी एकदा जाऊन बसलो आणि बाहेर आल्यावर त्याच्याशी भांडलो. म्हटले, "हा इतिहास की तमाशा? आता जन्मभर खिंड म्हटली की मला राघो दिसणार." तो म्हणाला, "आणि सनावळी म्हटली की काय दिसतं तुला?" मला काहीच दिसत नव्हते, पण मी कबूल केले नाही. एक मात्र खरे की पोरे प्रश्न विचारू लागली होती. गडावर पाणी कुठून येई? वेढा पडल्यावर घोडे काय खात? वामन म्हणे, "हे पुस्तकात नाही, मलाही ठाऊक नाही, शोधू या." मास्तराने 'ठाऊक नाही' म्हणावे हे मला पटत नसे. तो पुढे असेही म्हणाला होता, "चित्र दाखवणारा काच कोणत्या अंगानं घालतो, हेसुद्धा पोरांना एक दिवस समजलं पाहिजे." हे वाक्य ध्यानात ठेवा. याच वाक्याने माझे डोके पुढे कित्येक महिने खाल्ले.

राज्याभिषेकाची काच तयार झाली तेव्हा शाळेची व्यवस्थापक मंडळी आणि काही पालक नवलाई पाहायला आले. मीही माझे पोट पाहायला गेलो. खिंड झाली, राघोची वाहवा झाली. मग काच सरकली आणि पडद्यावर मी उभा राहिलो, कलश घेऊन, आणि जानवे उजव्या खांद्यावर! महाराज तलवार डाव्या हातात घेऊन बसले होते, आऊसाहेबांचा पदर भलत्याच खांद्यावर गेला होता. ते कोणाला दिसले नाही. जानवे मात्र सगळ्यांना दिसले. श्राद्धाला बसावे तसा उपाध्याय राज्याभिषेकाला उभा! मंडळींतले एक वृद्ध गृहस्थ अंधारातच उठले. "राजाला अभिषेक करताय की तिलोदक देताय, मास्तर?" एकच गलका झाला. वामनने काच काढायला हवी होती. त्याने काढली नाही. तो कंदिलापाशी नुसता उभा राहिला, आणि तेवढा वेळ मी त्या धोतरावर अपसव्य करून राजाला पाणी देत राहिलो. कोणीतरी कांबळे ओढले, ऊन आत आले आणि मी दिसेनासा झालो.

मंडळींपुढे वामन एवढेच बोलला, "चूक माझ्या हातची." कंदील शाळेत आणू नये असे ठरले. तो पुन्हा सनावळी घोकवू लागला. वर्गाबाहेरून जाताना आवाज ऐकला तर वाटे, हा कोणी बदली मास्तर असावा. मी त्याला गिरगावच्या वाळूत फिरताना गाठून विचारले, "खरं सांग, मुद्दाम केलंस ना? पुढच्या तासाला पोरांना विचारणार होतास, यात काय उलटं आहे म्हणून?" तो हसला. "तुझं पोट एका बाजूनं मावेना, म्हणून दुसऱ्या बाजूनं घालून पाहिली." यापलीकडे त्याने मला कधी थांग लागू दिला नाही. मला त्याचा राग आला होता. मित्राला तरी सांगावे की नाही माणसाने?

तो गेल्यावर दोनेक आठवड्यांनी वहिनींचा निरोप आला. त्यांचे भाऊ त्यांना गावी न्यायला आले होते, आणि कंदील-काचा माझ्याकडे द्यायच्या होत्या. मी गेलो. पेटी बाहेरच्या खोलीत काढून ठेवलेली होती. वहिनी माजघराच्या दाराआड होत्या. नवऱ्याचे नाव न घेता, 'तिकडून' म्हणत त्यांनी विचारले, "भाऊजी, त्या काचेविषयी तिकडून तुमच्यापाशी कधी काही बोलणं झालं का?"

मी म्हटले, "नाही वहिनी. मी पुष्कळ खोदून विचारलं."

"शाळेत काच दाखवण्याच्या आदल्या दिवशी शिकवणीला जाणं झालं होतं. काच वाळत ठेवलेली. मी म्हटलं, आपणच बोट लावून ठेवावं, तेवढंच काम हलकं. रंग ओला असेल म्हणून काच पालथी धरून बोट लावलं... दुसऱ्या दिवशी जानव्याचं कानावर आलं आणि ती पालथी काच माझ्या डोळ्यांपुढे आली. मी विचारलं नाही. तिकडूनही बोलणं झालं नाही. पेटी उघडून पाहायचा धीर मला आजवर झाला नाही. तुम्ही बघता का? माझं बोट चुकलं होतं का?"

इतके दिवस मी काय काय तर्क लढवले होते, आणि ही बाई दाराआड बसून हे गिळत होती! मी खिडकी लावली, कंदील पेटवला. काचेवरच्या कुंकवावर अंगठा ठेवला, डोळे मिटून ती आत सरकवली आणि डोळे उघडले. भिंतीवर मी उभा होतो, आणि जानवे डाव्या खांद्यावर होते. जिथे असायला हवे तिथेच.

"वहिनी!" मी जवळजवळ ओरडलोच. "तुमचं बोट बरोबर आहे! मी म्हणत होतो तेच. त्यानं मुद्दाम उलटी घातली, पोरांना शिकवायला!" वामनचा डाव उलगडल्याच्या आनंदात मी बोलतच सुटलो. मग त्या हळूच म्हणाल्या, "काच इकडे द्या बघू."

मी ती उंबरठ्यावर ठेवली. हात पुढे आला, काच आत गेली. ती बोटाने चाचपून त्या बोलल्या, "भाऊजी, हे बोट माझं नाही. मी अनामिकेनं लावते, टिकलीएवढं. हे अंगठ्याचं आहे." मग त्यांनी काच पालथी करून उंबरठ्यावर परत ठेवली. दुसऱ्या अंगाला, त्याच कोपऱ्यात, पुसून काढलेल्या कुंकवाचा फिकट गुलाबी डाग होता. टिकलीएवढा. "हे माझं," त्या म्हणाल्या. "म्हणजे तिकडे माहीत होतं..." आणि मग त्या रडल्या. सोनापुराहून आम्ही परत आलो त्या दिवशीही मी त्यांना असे रडताना ऐकले नव्हते.

मला ते आताही नीट उमजत नाही. ते बोट त्याने केव्हा पुसले? कंदिलापाशी तो नुसता उभा राहिला, तेव्हाच त्याच्या ध्यानात आले असेल का? की घरी येऊन? आणि मग काचेचे अंग पोरांना समजले पाहिजे हे त्याचे वाक्य, ते कुठे बसवायचे? एवढेच दिसते की कंदील बंद झाला होता, ती काच पुन्हा कधी कोणाला दाखवायची नव्हती, आणि तरीही वामनने तिच्यावरची खूण दुरुस्त करून ठेवली होती. ती कोणासाठी, हे विचारण्यासारखे राहिलेले नाही.

निघताना मी काचा पेटीत लावू लागलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "एवढी एक राहू दे माझ्यापाशी." कुंकवाची कोयरी त्यांच्या फडताळातून केव्हाच गेली आहे. काच मात्र त्यांनी लुगड्याच्या घडीत ठेवून गावी नेली. पेटी आता माझ्याकडे आहे. अधूनमधून उघडतो, एकेका काचेच्या कोपऱ्यातल्या टिकलीएवढ्या बोटावर अंगठा ठेवून पाहतो, आणि खिंडीनंतरच्या रिकाम्या खाचेपाशी येऊन थांबतो.