चौकोनांचं आत्मचरित्र

हिमायतनगरची विशाखा दहा वर्षांपासून नांदेडात टायपिंगचं दुकान चालवते. गिऱ्हाइकं आपल्या चुका तिच्या नावावर खपवतात, याची तिला सवय झालेली.

निवृत्त मुख्याध्यापक अण्णाराव सरांनी तिच्याकडं आपलं आत्मचरित्र दिलं. पानं जुळवायच्या प्रोग्राममध्ये तिनं ते बसवलं. त्यात वर एका ओळीत फॉन्टचं नाव लिहिलं, की कॉम्प्युटरमध्ये असलेला तो फॉन्ट प्रोग्राम आपसूक उचलतो.

"केवढ्याचा हाय हा फॉन्ट?" सरांनी विचारलं.

"फुकट हाय, सर."

सरांचा चेहरा पडला. चाळीस वर्षांची सेवा फुकटच्या अक्षरांत छापायची? फाईल घेऊन ते लातूरच्या मोठ्या प्रेसकडं निघाले.

"तिथं हा फॉन्ट टाकून घ्यायला सांगा, सर. न्हाईतर अक्षरं दिसायची न्हाईत."

"मी गणित शिकवलंय, बाई."

गणिताचा इथं काय संबंध, हे तिनं विचारलं नाही.

लातूरला फॉन्ट नव्हता. प्रोग्राम अडून बसला, म्हणून तिथल्या ऑपरेटरनं फॉन्टच्या नावाची ती ओळच खोडली. मग प्रोग्रामनं आपल्याजवळचा इंग्रजी फॉन्ट घेतला आणि प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी रिकामा चौकोन बसवला. मुखपृष्ठ वेगळं केलेलं, ते झकास निघालं. प्रुफं बघायला सरांना सवड नव्हती; ते निमंत्रणं वाटत फिरत होते. पाचशे प्रती छापून झाल्या.

सरांच्या गावी, उमरीत प्रकाशन झालं. एका वक्त्याला सरांच्या भाषेत मातीचा वास आला. दुसऱ्यानं पुस्तक एका बैठकीत संपवलं होतं. मागच्या रांगेत विशाखानं प्रत उघडली. दोनशे पानं नुसते चौकोन, वाचता येत होते ते फक्त पानांचे आकडे. तिनं हसू दाबायला तोंडाला ओढणी लावली.

शेजारी सरांच्या बायको रुक्मिणबाई बसल्या होत्या. "पोरी, माझं नाव कुठं हाय यात? मला अर्पण केलंय म्हणले."

विशाखानं ते पान काढून चौकोनांच्या रांगेवर बोट ठेवलं.

रुक्मिणबाई बघत राहिल्या. "लगीन झाल्यापासून हेच चाललंय," त्या म्हणाल्या. "आज छापून आलं."

विशाखाचं हसू गेलं. कार्यक्रम उरकल्यावर तिनं सरांना बाजूला नेऊन पुस्तक दाखवलं.

सरांनी दहा-बारा पानं उलटली, इकडंतिकडं बघितलं. "कुणी उघडलं का?"

"न्हाई, सर. कुणीच न्हाई."

सरांच्या जिवात जीव आला. सही करून देतो म्हणत त्यांनी वाटलेल्या प्रती परत गोळा केल्या, आणि पहिली आवृत्ती संपल्याचं माइकवरून जाहीर केलं.

चार दिवसांनी ते दुकानात हजर. "तोच फॉन्ट चालंल."

"हाव. पण प्रुफं रुक्मिणबाई वाचतील."

सर नाइलाजानं कबूल झाले. सातवी शिकलेल्या रुक्मिणबाई चष्मा लावून तीन दिवस दुकानात बसल्या. शुद्धलेखनाला त्यांनी हात लावला नाही. जिथं खोटं दिसलं, तिथं लाल रेघ मारली.

दुसरी आवृत्ती चौसष्ट पानांची निघाली.