चंद्राचे नाव न घेणारी झुराकान

झुराकानच्या पायाला भिंगरी आहे असे सगळे गाव म्हणते, आणि या बाबतीत गाव खोटे बोलत नाही. तिच्या घरी चहाला गेलात तर ती तुमची वाटी भरेल, स्वतःची भरेल, आणि तिची वाटी गार होईपर्यंत उठत-बसत राहील. चुलीत लाकूड सारील, अंगणात जाऊन दोरीवरचे कपडे चाचपील, परत येऊन विचारील, "हं, काय म्हणत होता तुम्ही?" तिचा नवरा ओस्मोन म्हणतो, "हिला पुरल्यावर वर मोठा धोंडा ठेवावा लागेल, नाहीतर उठून यायची." हे तो तिच्यासमोरच म्हणतो.

पण तिच्या पायांपेक्षा तिच्या जिभेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. लग्न होऊन या घरात आल्यापासून आजतागायत या बाईने चंद्राला चंद्र म्हटलेले नाही.

कारण साधे आहे. सासऱ्यांचे नाव होते आयतुगान. 'आय' म्हणजे चंद्र. ते जन्मले तेव्हा डोंगरामागून चंद्र वर येत होता, म्हणून हे नाव. आणि सुनेने सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांचे नाव घ्यायचे नसते, त्या नावातला शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नसतो. चुलत सासऱ्यांच्या नावात मेंढी होती, म्हणून झुराकानच्या तोंडी मेंढ्या झाल्या 'बें-बेंवाल्या'. थोरल्या दिरांच्या नावात लोखंड होते, ते झाले 'काळे जड'. एवढे सगळ्याच सुनांना करावे लागे. मेंढीला नि लोखंडाला टाळता येते हो, पण चंद्राला कसे टाळणार? तो न बोलावता रोज दारात हजर.

पहिल्याच उन्हाळ्यात, वरच्या कुरणावर लोकरीच्या नमद्याचे तंबू ठोकले होते तेव्हा, सासूने घोड्यांची धार काढता काढता हाक दिली, "सूनबाई, बघ गं, वर आला का? शिंगरं बांधायचीत." झुराकान तंबूबाहेर गेली. आला होता, चांगला गरगरीत. आता सांगायचे कसे?

"आला," ती दाराशी येऊन म्हणाली.

"कोण आला?" आतून सासऱ्यांनी विचारले. सगळे कळत असून विचारले. म्हातारा भारी खट्याळ होता.

नवी नवरी, रुमाल नाकापर्यंत ओढलेला. तिच्या तोंडाला कुलूप बसले. मग ते कुलूप कुठून उघडले कोण जाणे, ती म्हणाली, "न भाजलेला नान."

मग म्हातारा असा हसला की कटोऱ्यातले घोडीचे ताक त्याच्या गुडघ्यावर सांडले.

तेव्हापासून रोजचेच झाले. सून आणि सासरा, यांना एकमेकांशी बोलायला मुळात फारसे काही नसतेच. तिची नजर खाली, त्यांची दुसरीकडे. पण संध्याकाळी मानाच्या जागेवरून खाकरल्याचा आवाज यायचा आणि प्रश्न यायचा, "सूनबाई, आज कोण उगवलंय?" आणि झुराकान दारातून उत्तर द्यायची. चाळण. टकल्या पाव्हणा. अर्धाच दिसला तर, कुणीतरी चावून टाकलेली वाळल्या दह्याची गोळी. दिवसाउजेडी दिसला तर, जेवणाच्या आधीच येऊन बसलेला व्याही.

सासरे जिभेवर चव घेतल्यासारखे करायचे आणि म्हणायचे, "नाही बसत. उद्या बघू."

एकदा त्यांनी आपले म्हणणे उलगडूनही सांगितले होते, तंबूच्या छताकडे बघत, म्हणजे सुनेशी बोलतोय असे व्हायला नको. "माझ्या एकेका घोड्याला नाव आहे. कुत्र्याला आहे. त्या दीडवितीच्या ओढ्याला आहे. आणि ह्या एवढ्या थोराला नुसतं जातीचं नाव! घोड्याला 'ए घोड्या' म्हणून हाक मारतो का कुणी? ह्याला स्वतःचं असं नाव कुणी ठेवलंच नाही. तू शोध. बसणारं सापडलं की मी सांगेन."

झुराकानने ते मनावर घेतले. पीठ मळताना, लोकर पिंजताना, ओढ्यावर पाणी भरताना तिचे तेच चालायचे. मग एका शिशिरात म्हातारा गेला. 'बसलं' असे तो कधीच म्हणाला नाही, आणि 'आज कोण उगवलंय' असे पुन्हा कोणी विचारले नाही. तिच्या जिवाला तेव्हापासून चैन नाही असे ओस्मोन म्हणतो. मला वाटते, ती आधीपासूनच तशी होती. पण संध्याकाळी ती जरा जास्तच आतबाहेर करते, हे खरे.

नावे ठेवायचे मात्र तिने सोडले नाही. पोरे त्यातच वाढली. "आपा, चाळण वर आली!" म्हणून धाकटा कुबात ओरडत आईकडे यायचा. आणि घोळ झाला तो इथेच. आजोबा गेले तेव्हा कुबात रांगत होता. त्यांना घरीदारी सगळे 'आके' म्हणत. ज्या घरात आईने ते नाव आयुष्यभर उच्चारले नाही, त्या घरात मुलाच्या कानावर ते पडणार कुठून? कागदावर कधी वाचले असेल, पण कागदावरचा माणूस आणि आकाशातला चंद्र यांची सांगड त्याने घातली नाही. त्याने आपली एक समजूत करून घेतली, की आईला चंद्राचे वेड आहे.

कुबात शहरात कामाला होता. त्याला मुलगी झाली. नाव ठेवायला तो बायकोला, जिपारला, आणि बाळाला घेऊन गावी आला. गावातल्या एका थोर म्हाताऱ्याने बाळाला मांडीवर घेतले. झुराकान शेजारच्या खोलीत कढईपाशी बोरसोक, पिठाचे फुगरे तुकडे, तळत होती, आणि उघड्या दारातून तिला ऐकू आले, "तुझं नाव आयपेरी. तुझं नाव आयपेरी. तुझं नाव आयपेरी."

कढईतले बोरसोक कोळशासारखे काळे झाले तरी तिचा झारा हलला नाही.

कुबात हसत हसत आत आला. "आपा, तुझ्यासाठी ठेवलं! चंद्राची परी! तुला चंद्राचं एवढं वेड. घे की नाव एकदा, मला ऐकायचंय."

"बोरसोक जळले," झुराकान म्हणाली आणि कढई उचलून बाहेर गेली.

मग जे दिवस आले ते तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. अंगण झाडून झाले की परत झाडायची. गोधड्यांची चळत उतरवायची, पुन्हा रचायची. बाळ रडले की सगळ्यांच्या आधी धावत जायची, उचलून छातीशी धरायची, आणि हाक मारायची वेळ आली की "ए", "ए बयो", "ए मुंगे". नात तर जीव की प्राण झाली होती, नि तिला हाक मारता येत नव्हती.

"अगं, म्हणून टाक की," ओस्मोन म्हणाला. त्याला सगळे माहीत होते. "ते जाऊन किती वर्षं झाली."

"तुमचे वडील गेले. माझे सासरे कुठं गेलेत?"

"मग कुबातला सांग. बदलेल नाव."

"कानात गेलेलं नाव काय काडीनं काढायचं? आणि त्यानं माझ्यासाठी ठेवलंय हो. काय तोंडानं सांगू, की बाबा रे, तुझ्या आईला चंद्राचं वेडबिड काही नाही, तिला नुसतं बोलायची चोरी आहे?"

"मग बोलू नकोस, झाडत बस," ओस्मोन म्हणाला. तिने केरसुणी उचललीच.

एका दुपारी घरात कोणी नव्हते. बाळ जागे होते. झुराकान त्याच्या कानाशी वाकली. ओठ उघडले, जीभ उचलली, 'आ' पर्यंत आलीही. तेवढ्यात तिची नजर समोरच्या मानाच्या जागेवर गेली. तिथे आता नुसती गोधडी अंथरलेली असते. तिच्या कानशिलांना गरम वाफ लागली आणि तिचा हात आपोआप रुमालाकडे गेला. म्हातारीच्या गालावर नवरीची लाज चढली, दुसरे काय म्हणणार! ती उठली आणि विनाकारण कोंबड्यांना हाकलून आली.

जिपार हे सगळे बघत होती आणि भलतेच समजत होती. तिने कुबातला गाठलेच. "तुझ्या आईनं एकदाही तिचं नाव घेतलं नाही. मुलगा हवा होता का त्यांना? की मीच आवडत नाही?" ती रडत होती, आणि भिंतीपलीकडे झुराकानच्या हातातले पीठ तसेच राहिले. ती आत जाऊन सांगू शकली असती. पण सांगायला तोंड उघडायचे म्हणजे त्या नावाच्या उंबऱ्यावर जाऊन उभे राहायचे. ती तिथेच घुटमळत राहिली, आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला.

पाळण्याच्या मेजवानीचा दिवस उजाडला. वाळुंजीचा पाळणा माळ्यावरून काढला. तो आकेंनी स्वतः करवून घेतलेला, ओस्मोन त्यात झोपलेला, कुबात झोपलेला. गावातल्या बायका जमल्या. बाळाला पाळण्यात निजवायचा मान आजीचा. झुराकानने रीतीप्रमाणे आधी बाळाला मुद्दाम उलटे धरले, डोके पायाकडे, आणि विचारले, "असं?"

"असं नव्हे!" बायका ओरडल्या.

आडवे धरले. "मग असं?"

"असंही नव्हे!"

मग नीट निजवले, पट्टे बांधले, बायकांनी "हां, असं!" केले, आणि कोणीतरी पहिली आरोळी ठोकली, "आता नाव घेऊन झोका दे, आजी! नाव घे!"

"नाव घे! नाव घे!"

जिपार पाळण्याच्या पायथ्याशी उभी होती आणि सासूच्या तोंडाकडे बघत होती. तिने ओठ घट्ट मिटले होते. झुराकानने ते पाहिले. तिने पाळण्याचा दांडा धरला आणि तोंड उघडले, आणि जे बाहेर पडले ते थांबेना.

"नीज माझ्या न भाजलेल्या नाना. नीज माझ्या चाळणी. नीज माझ्या चावलेल्या दह्याच्या गोळी. नीज टकल्या पाव्हण्या, नीज गं माझ्या लवकर आलेल्या व्याह्या..."

बायका आधी हसल्या. हसता हसता त्यांच्या लक्षात आले की म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहतेय, आणि हसू विरत गेले. कुबात दारात गोंधळून उभा. तेव्हा झुराकानची नणंद शारिपा, जिच्या जिभेला हाड नाही अशी तिची ख्याती आहे, ती कोपऱ्यातून कडाडली, "अरे गाढवा! काय बघतोस? तुझ्या आजोबाचं नाव आयतुगान! तू पोरीच्या नावात आईचा सासरा घालून ठेवलास! कसं घेईल ती नाव? जन्मात चंद्राला चंद्र म्हणाली नाही माझी वहिनी, तुला काय वाटलं, गंमत म्हणून?"

कुबातचा चेहरा पडला. "आपा... मला वाटलं तुला आवडतो. बदलूया आपण. आजच बदलू."

"खबरदार!" झुराकानने डोळे पुसले. "छान नाव आहे. जगानं घ्यावं ते. मला नाही येत, एवढंच. यात पोरीचा काही दोष नाही," आणि सुनेकडे न बघता, "आणि पोरीच्या आईचा तर मुळीच नाही."

जिपार शहरातली मुलगी, असल्या गोष्टी तिने आजीकडून गोष्टी म्हणूनच ऐकलेल्या. ती नुसती पुढे आली आणि दांड्यावर सासूच्या हाताशेजारी हात ठेवून झोका देऊ लागली. झुराकानही देत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झुराकान नेहमीसारखी आतबाहेर करत होती. भांडी उचलून ठेव, दार लाव, दार उघड. जिपार बाळाला घेऊन पायरीवर बसली होती; आके रोज संध्याकाळी काय विचारायचे ते तिने रात्रीच शारिपाकडून काढून घेतले होते. चिनारांच्या वर आभाळ उजळले, आणि जिपारने मान न वळवता सहज विचारल्यासारखे विचारले, "आपा, आज कोण उगवलंय?"

झुराकान जागच्या जागी थबकली. तिच्या हातातली बादली तिने खाली ठेवली. कितीतरी वर्षांनी कोणी विचारले होते. ती पायरीवर आली, सुनेशेजारी टेकली, आणि वर बघत बसली. चाळण, नान, व्याही, एकही नाव तिच्या जिभेवर आले नाही. ज्याला नाव शोधायला म्हाताऱ्याने तिला एवढे फिरवले, त्याला नाव कधीचेच होते, म्हाताऱ्याचेच, आणि म्हणूनच तर तिला ते घेता येत नव्हते. बसलेच होते की ते, पहिल्या दिवसापासून. कुठेतरी आत म्हातारा खाकरला असे तिला वाटले.

तिने रुमाल कपाळापर्यंत ओढला आणि जिपारला कोपराने हळूच ढोसले.

"तुझे आजेसासरे आलेत. डोक्यावरून रुमाल घे."