पाचव्या वळणाची पाटी

रेसच्या ट्रॅकवर एखाद्याला ‘सावकाश’ म्हणून हाक मारायची म्हणजे एक तर चेष्टा, नाहीतर अपमान. आमच्या ट्रॅकवर तो मान होता. ज्याला मी ती हाक मारायचो तो तिथे गाडी चालवायला शिकवायचा, बाकी सगळे त्याला मास्तर म्हणायचे. सावकाश म्हणायचा हक्क फक्त माझा, कारण नाव मीच पाडलं होतं.

मी तिथे टायरचं काम करतो. ट्रॅकवरून आलेली प्रत्येक गाडी आधी माझ्या हाताखालून जाते. टायर गरम असतानाच त्यावरून तळवा फिरवायचा, कुठे खरवडलंय, कुठे गुळगुळीत झालंय ते बघायचं. चालवणारा खाली उतरून किती का बढाया मारेना, वळणावर त्याने काय दिवे लावलेत ते मला टायरवरून कळतं. पैसेवाल्यांची पोरं येतात, पुढच्या टायरची कड पार सोलून आणतात आणि वर मलाच विचारतात, “टायर खराब दिलेत का हो?” अशांना मी एकच सांगायचो, “मास्तरांकडे जा.”

मास्तराचे टायर मात्र चारही सारखे झिजायचे. रेसच्या गाडीच्या बाबतीत हे किती अवघड आहे ते ज्याने टायर उचललेत त्यालाच कळेल.

तो मूळचा रेसवाला नव्हताच. एकोणीस वर्षं त्याने काचा पोचवणारी गाडी चालवली. दुकानांच्या दर्शनी भागाला लावतात त्या माणसाहून उंच काचा, मागच्या तिरक्या फळीला बांधलेल्या. वळण चुकीचं घेतलं की मागे खळ्ळकन आवाज. त्याच्या गाडीत तो आवाज कधी झाला नाही. पुढे ट्रॅकच्या साहेबांनी, म्हणजे मॅनेजरनी, त्याला एकदा सहज रिकाम्या ट्रॅकवर गाडी दिली. चौथ्या फेरीला त्याने आमच्या नेहमीच्या चालकांहून कमी वेळ लावला आणि उतरल्यावर म्हणाला, “बरी आहे गाडी.” त्याच आठवड्यात साहेबांनी त्याला शिकवायला ठेवून घेतलं.

शिकवताना तो शेजारच्या सीटवर बसायचा आणि हेल्मेटमधल्या माइकवरून बोलायचा. “ब्रेक दाबायला कुणालाही येतो,” हे त्याचं पहिल्या दिवसाचं वाक्य. “सोडायला शिका.” सरळ रस्त्यावर असतानाच जोरात दाबायचा, मग स्टिअरिंग जसजसं वळेल तसतसा पाय उचलायचा, थोडा थोडा. एकदम सोडला की गाडीचं नाक वर येतं, पुढच्या चाकांवरचं वजन जातं आणि मग कितीही वळवा, ती सरळच जाते. वळणात बेताने शिरायचं, म्हणजे निघताना जोर देता येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नजर आधी, हात मागून. जिथे जायचंय तिकडे बघायचं.

त्यासाठी त्याची एक पद्धत होती, बोलत चालवायची. डोळ्यांना जे दिसेल ते तोंडाने म्हणायचं. “पाटी. आतली कड. बाहेरची कड. पुढची पाटी.” बोलणं मागे पडलं की नजर मागे पडली, आणि नजर मागे पडली की हात धसमुसळे होणार. नवशिक्यांना लाज वाटायची. एक जाडजूड व्यापारी तर म्हणाला, “मी काय बालवाडीत आलोय?” तीन दिवसांनी तोच “कड, कड, पाटी” करत इमानेइतबारे फिरत होता. हे सगळं माझ्या शेडमधल्या स्पीकरवर ऐकू येई. त्याच्याशेजारी माझा माइकही होता, टायर थंड पडले किंवा कुठे तेल सांडलं की गाडीतल्या माणसाला सांगायला.

त्याला एकच मुलगी. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ते तिघं राहायचे. ती आठ वर्षांची असताना मी एकदा गेलो, तर स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ती पातेल्याचं झाकण धरून बसलेली आणि हा मागे उभा. “झाकणाकडे बघू नकोस. खिडकीकडे बघ. आता दाराकडे. हात आपोआप येतील.” त्याची बायको ओट्यापाशी कपाळाला हात लावून म्हणाली, “भाऊजी, तुम्हीच सांगा यांना, मला ते झाकण हवंय.” पोरीने झाकण सोडलं नाही. बाविसाव्या वर्षी ती बापाखालोखाल चालवायला लागली होती, आणि माझ्या हाताला विचाराल तर त्याच्याइतकंच. पंधरा दिवसांवर तिची पहिली मोठी शर्यत होती.

आता माझ्या चुकीकडे येतो.

त्या शर्यतीच्या तीनेक महिने आधी त्याने कुणाला तरी दाखवायला चार फेऱ्या मारल्या. गाडी आली, मी टायरवरून हात फिरवला, आणि पुढच्या डाव्या टायरच्या बाहेरच्या अंगाला लाल रंग लागलेला दिसला. वळणाच्या कडेला लाल-पांढरे पट्टे असतात, त्यांचा. नवशिक्यांच्या टायरला तो रोज असतो. त्याच्या टायरला मी इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता. मी खिशातलं फडकं काढलं आणि तो पुसून टाकला. का पुसला, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग मी बघायला लागलो. मी डावीकडून गेलो तर तो दचकायचा. शेडच्या दाराच्या डाव्या चौकटीला त्याचा खांदा दोनदा घासला. माझ्या बाकावर त्याच्या डाव्या हाताशी ठेवलेले हातमोजे तो शोधत बसला आणि मीच उचलून दिले.  शेवटी धीर करून म्हटलं, “सावकाश, एकदा डोळे दाखवून ये की.”

तो हसला. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे बारीक आकडे त्याने मला धडाधड वाचून दाखवले. “झालं समाधान? तुझेच दाखव. वय तुझं वाढतंय.”

मी म्हटलं, “बरं.”

त्या ‘बरं’ची मला आज चीड येते. साहेबांना सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी त्याचं काम सुटलं असतं, आणि गाडीतून उतरवलेला सावकाश कसा दिसेल ते मला बघायचं नव्हतं. माझा एकच मित्र. तो तोंड फिरवेल ही भीती होती, दुसरं काही नाही. म्हणून मी मूग गिळून बसलो आणि रंग पुसत राहिलो. मुलीच्या नजरेला पडायच्या आधी पुसायचो, इतकी काळजी घेत होतो. बाकी सगळं त्याला पाठ आहे, असं मी मनाला समजावायचो. ट्रॅक काय, उठून जागा बदलत नाही.

ट्रॅकने जागा बदलली. पाचवं वळण डावीकडे आहे, लांब सरळ रस्त्याच्या शेवटी. तिथला डांबराचा थर उखडला होता, तो नवा घातला. नवं डांबर पहिले काही दिवस घसरतं, म्हणून ब्रेक लवकर दाबायला हवा. ब्रेक कुठे दाबायचा ते दाखवणारी डावीकडची जुनी पांढरी पाटी साहेबांनी उपटली आणि तीस मीटर अलीकडे नारिंगी पाटी रोवली. ऑफिसच्या दारावर सूचना चिकटवली. बाकी सगळ्यांनी वाचली. त्या दाराच्या डाव्या फळीवर ती होती, आणि मास्तर गेले दोन दिवस त्याच दारातून जात-येत होता.

त्या दिवशी दुपारी मुलगी चालवत होती, तो शेजारी. मी शेडमध्ये टायर चढवत होतो. स्पीकरवर तिचं बोलणं चालू होतं, एका लयीत. “पाटी. आतली कड. बाहेरची कड.” पाचव्याला ती म्हणाली, “नारिंगी पाटी,” आणि तिने ब्रेक दाबला.

“इतक्या आधी?” त्याचा आवाज आला. “घाबरलीस का?”

“नाही बाबा, पाटी आता इथेच...”

“पाटी मला ठाऊक आहे. दाबायच्या आधीच पाय शिवशिवतोय तुझा. शर्यतीत चौघं पुढे निघून जातील. थांब, आत घे गाडी. मी दाखवतो.”

मी पाना खाली ठेवला. त्याला नव्या पाटीचा पत्ताच नव्हता.

गाडी आत आली. दोघांनी जागा बदलल्या. ती पट्टे बांधताना हसून म्हणाली, “काका, बाबा चिडलेत.” तिला वाटत होतं की बापाला नवी पाटी माहीत आहे आणि त्याहूनही उशिरा दाबून तो तिला काहीतरी शिकवणार आहे. तिचा त्याच्यावर तेवढा विश्वास होता. मी गाडीपासून पाच पावलांवर उभा होतो. नुसतं बोनेटवर हात ठेवून उभा राहिलो असतो तरी पुरलं असतं. मी म्हणालो, “थांबलात तेवढ्यात टायर गार पडलेत. एक फेरी बेताने घे.”

“मी कधी बेताने घेत नाही का?” तो म्हणाला आणि गेला.

पहिली फेरी त्याने टायर तापवायला घेतली, पाचव्याला खूप हळू. मी माइकपाशी जाऊन बसलो; तिथून सरळ रस्ता आणि पाचवं वळण समोर दिसतं. मनात म्हटलं, ही फेरी बघू, आता तरी त्याला पाटी दिसेल. दुसऱ्या फेरीला त्याने वेग घेतला. मुलगी म्हणाली, “बाबा, बोलत चालवा ना. मला ऐकायचंय.”

तो बोलायला लागला. खणखणीत, शांत आवाज. “आतली कड. बाहेरची कड. पुढची पाटी.” तिसरं झालं. चौथं झालं. सरळ रस्त्यावर इंजिनचा आवाज चढत गेला. माझं बोट माइकच्या बटणावर होतं. एकच शब्द बोलायचा होता, थांब.  नारिंगी पाटी आली तशी मागे गेली. तो त्याच शांत आवाजात म्हणाला, “डावीकडे, पांढरी पाटी.”

तिथे काहीच नव्हतं. उकरून बुजवलेला खड्डा होता, बस.

“बाबा, ब्रेक!” ती किंचाळली. मी बटण दाबलं तेव्हा स्पीकरवर टायरांच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने ब्रेक धसका खाऊन दाबला, आणि गाडी वळत असतानाच धसका खाऊन सोडला. शिकवलेलं सगळं एका क्षणात गेलं. गाडी सरळ रस्त्याबाहेर गेली, मातीत स्वतःभोवती फिरली आणि तिची डावी बाजू बाहेरच्या टायरांच्या ढिगावर जाऊन आदळली. मी धावत गेलो. तो पट्टे सोडायची धडपड करत होता आणि एकच विचारत होता, “पाटी कुणी काढली? आत्ता होती. आत्ता होती ना?” मुलगी शुद्धीवर होती. डावा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळलेला होता. ती ओठ चावत म्हणाली, “काका, त्यांच्यावर रागावू नका.”

दवाखान्यात तिच्या हातात धातूच्या दोन पट्ट्या घातल्या. शर्यत गेलीच. ती बोटं पुन्हा स्टिअरिंग धरतील की नाही, हे सहा महिने सांगता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. तिथेच साहेबांनी जबरदस्तीने मास्तराचे डोळे तपासून घेतले. डोळ्यांच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांचं डावीकडचं दिसणं बरंचसं गेलंय, समोरचं शाबूत आहे. हे इतकं हळूहळू जातं की ज्याचं जातं त्याला पत्ता लागत नाही. जिथलं दिसत नाही ती जागा मन आठवणीने भरून काढतं. त्याने खोटं सांगितलं नव्हतं. त्याला ती पांढरी पाटी खरंच तिथे वाटली होती.

मुलीच्या खोलीबाहेरच्या बाकावर तो बसला होता. मी जाऊन त्याच्या उजवीकडे बसलो. मी आपसूक बाजू निवडली, आणि ते त्याच्या लक्षात आलं.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

मी मान डोलावली.

“कधीपासून?”

“तीन महिने.”

 तो एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “तीन महिन्यांत ती माझ्याशेजारी किती वेळा बसली असेल?”

मला सांगता आलं असतं. टायर मीच बदलले होते. 

“मला दिसत नव्हतं रे,” तो म्हणाला. “तुला दिसत होतं.”

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो उठला, हाताने दाराची चौकट चाचपली आणि आत गेला. त्याची बायको लेकीच्या उशाशी बसली होती. मी उंबऱ्याशी उभा राहिलो. पडद्याआडून मुलीचा आवाज आला, गुंगीतला. “बाबा, काका आलेत का? येऊ दे ना त्यांना आत.”

“कुणी नाही गं,” तो म्हणाला, आणि दार लावून घेतलं.