मार्गारेटच्या पुस्तकातलं नसलेलं पान

आधीच सांगते, असले अनुभव मी वाचते ते करमणूक म्हणून. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहा टाकायच्या निमित्ताने उठणारी बाई आहे मी. माहेर देवरुखचं, इतिहासात एम.ए., पुराव्याशिवाय बोलायचं नाही ही जुनी सवय. त्यामुळे जे घडलं ते आजवर नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. खरं तर सांगायची लाज वाटते... अजूनही.

२००५-०६च्या सुमाराची गोष्ट. माझा नवरा सुधीर सौदीत, धाहरानजवळ, एका कंत्राटदार कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होता. आम्ही कंपनीच्या कंपाउंडमध्ये राहायचो — उंच भिंतीच्या आत एकसारखी पांढरी घरं, एक स्विमिंग पूल आणि खरेदीला जवळच्या खोबर शहरात नेणारी बस. मला नोकरी करता येत नव्हती, बायकांना तिथे गाडी चालवायची परवानगी नव्हती. दुपारी सरता सरायच्या नाहीत.

आमच्याच ओळीत मार्गारेट राहायच्या (नाव बदललं आहे). साठीच्या, उत्तर इंग्लंडच्या. त्यांचे यजमान सुधीरचे साहेब. त्यांच्या हॉलची एक अख्खी भिंत पुस्तकांची होती आणि सगळी पुस्तकं ब्रिटनच्या इतिहासाची. मी एकदा भारावून बघत उभी राहिले तेव्हा त्या म्हणाल्या, "राजे-राण्या नंतर वाच. आधी एखादं गाव वाच. देशाचं काय झालं ते गावात जास्त नीट दिसतं."

मी एम.ए.ला इंग्लंड शिकले ते आपल्यावर राज्य करणारं. त्या पुस्तकांमधलं इंग्लंड मला नवीनच होतं. गिरणीत दोरे सांधणारी लहान पोरं, दुष्काळात घर सोडून आलेले आयरिश, एका खोलीत झोपणारी आठ माणसं. मार्गारेट दर महिन्याला आम्हा पाच-सहा बायकांना चहाला बोलवायच्या. एकीने एखाद्या गावाबद्दल वाचून यायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. दापोलीकडच्या नसरीनभाभी तिथल्या आल्याच्या बिस्किटांसाठी यायच्या आणि तसं उघड सांगायच्याही.

माझी पाळी आली तेव्हा मार्गारेटनी त्यांच्याच गावावरचं पुस्तक माझ्या हातात दिलं. बारीकसं, राखाडी कव्हरचं, तिथल्या एका निवृत्त शिक्षकाने लिहिलेलं. मी ते दोनदा वाचलं. कापडाची गिरणी, चर्चमागची पायऱ्यांची गल्ली, गावाला चिकटून जाणारा कालवा. आणि कालव्याच्या प्रकरणात, डावीकडच्या पानावर, एक छोटा प्रसंग. कडाक्याच्या हिवाळ्यात कालव्याचं पाणी गोठलं होतं. आयरीन नावाची चिमुरडी हिरवी लोकरीची टोपी घालून बर्फावर गेली. बर्फ फुटला. आईने तिचा हात थोरल्या बहिणीच्या हातात देऊन सोडू नको म्हणून बजावलं होतं.

वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे सगळं शंभरेक वर्षांपूर्वीचं, असंच मी धरून चालले. पुस्तकच मुळी पहिल्या महायुद्धापाशी संपत होतं.

त्या दुपारी मी छान बोलले. खोटं कशाला सांगू, फार दिवसांनी कुणीतरी माझं ऐकत होतं, त्याचा मला चढच आला होता. शेवटी मी आयरीनची गोष्ट काढली. टोपी, बर्फ, आई — सगळं रंगवून सांगितलं. आणि म्हणाले, "मला त्या थोरल्या बहिणीचं वाईट वाटतं. तिने आयुष्य कसं काढलं असेल?"

मार्गारेटनी कप खाली ठेवला. बशीत नीट बसला नाही, कलंडला.

"तुला कुणी सांगितलं?"

मला वाटलं, माझे उच्चार कळले नाहीत. मी म्हणाले, "पुस्तकात आहे ना. कालव्याच्या प्रकरणात."

"त्यात नाही." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ती माझी बहीण होती."

मी पुस्तक उघडलं. कालव्याचं प्रकरण, डावीकडची पानं. तिथे बोटींचा तक्ता होता, कोळशाच्या वाहतुकीबद्दल मजकूर होता. मी पुढे गेले, मागे आले. सगळ्या बायका बघत होत्या. घाईत पानं दोन-दोन उलटत होती. नसरीनभाभी हळूच मराठीत म्हणाल्या, "अगं, दुसऱ्या पुस्तकात वाचलं असशील. आठव." पण दुसरं पुस्तक माझ्याकडे नव्हतंच.

"आईचं ते वाक्य," मार्गारेट म्हणाल्या, "मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही." मग त्या रडायला लागल्या. साठीची बाई, आम्हा सगळ्यांसमोर, हातांनी तोंड झाकून. आम्ही पर्सेस उचलून बाहेर पडलो. बिस्किटं तशीच राहिली.

घरी येईपर्यंत माझे कान गरम होते. मी कुणाचं कपाट उघडलं नव्हतं, कुणाची पत्रं चोरून वाचली नव्हती... तरी तसंच वाटत होतं. संध्याकाळी सुधीरने सगळं ऐकून घेतलं आणि डोकं धरून बसला.

"अगं, साहेबांच्या घरात! सॉरी म्हण आणि विषय खलास कर."

"कशाबद्दल सॉरी म्हणू? मी वाचलं होतं रे."

"मग दाखव ना कुठे वाचलंस ते."

दाखवणार काय? पुढचे आठ-दहा दिवस मी खरेदीच्या बसला गेले नाही. बायका पूलवर बोलत असल्या की मी लांबून वळायचे. कुणीतरी म्हणालं होतं म्हणे, की ही बाई लोकांच्या घरात नाक खुपसते. मला स्वतःचीच शंका यायला लागली. कधी कुणाच्या तोंडून ऐकलं असेल का? पण मार्गारेटनी तर ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

मग एके दुपारी बेल वाजली. मार्गारेट, हातात ते राखाडी पुस्तक. मी काही बोलायच्या आतच त्या सोफ्यावर बसल्या.

"मी गावाला फोन केला," त्या म्हणाल्या. "त्या लेखकाला वारूनही बरीच वर्षं झाली. त्याने असं काही लिहिलं नव्हतं. दुसरी आवृत्तीही नाही." त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. "तू माझी चौकशी केली नाहीस, हे मला कळतं. ज्याच्याकडे चौकशी करावी असं कुणी उरलेलंच नाही."

मी त्यांची माफी मागितली, कशाची ते न कळता.

"ते असू दे. मला एक सांग." त्यांनी माझं मनगट धरलं. "बहिणीच्या हातात हात दिला होता, असं तू वाचलंस. त्याच्या पुढे काय लिहिलं होतं? मला स्वतःला आठवत नाही गं. मी हात सोडला की... मला खरंच आठवत नाही. इतकी वर्षं आठवायचा प्रयत्न करते आहे."

त्या माझ्याकडे बघत होत्या. आणि मी म्हणाले, "पुढे लिहिलं होतं की धाकटीने हात सोडवून घेतला. तिचा हातमोजा थोरलीच्या हातात राहिला."

मार्गारेटनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "हातमोजा. हो... हातमोजा होता माझ्या हातात." त्यांनी माझ्या कपाळाचा मुका घेतला, अगदी आई घेते तसा, आणि गेल्या. त्याच वर्षी साहेब निवृत्त झाले आणि ते दोघं इंग्लंडला परतले. दर नाताळला त्यांचं कार्ड यायचं, शेवटी एकच ओळ — तुझ्यामुळे मला झोप लागते.

ते पान मला कसं दिसलं, याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. डॉक्टर मैत्रिणीला आडून विचारलं, तिच्याकडेही नव्हतं. पण मी ज्याने जागी राहते ते वेगळंच आहे. टोपी, बर्फ, आईचं बजावणं... ते मी वाचलं, देवाशपथ वाचलं. अक्षरं डोळ्यांसमोर आहेत. हातमोज्याचं वाक्य मात्र कितीही आठवलं तरी छापलेलं दिसत नाही. ते त्या पानावर होतं, की समोरच्या बाईचे डोळे बघवेनात म्हणून त्या क्षणी माझ्या तोंडून आलं, मला माहीत नाही. आणि तोंडून आलं असेल, तर मार्गारेटना तो हातमोजा आठवला कसा?

मी कधीच त्यांना हे कळवलं नाही. कार्डं येत राहिली, मी उत्तरं लिहीत राहिले. मग एका नाताळला कार्ड आलं नाही.