कालव्याच्या दोन्ही बाजूंची शाळा

ओपन डे, म्हणजे पालकांनी शाळा बघायला यायचा दिवस. त्या सकाळी सिमा नवगावकरने शाळेच्या हॉलची दोन्ही दारं उघडी ठेवली होती. एक दार कालव्याकडे, दुसरं टेकडीकडे. दुपारपर्यंत माणसं येत राहिली, पण सगळी कालव्याकडच्या दारातून. टेकडीवरून चिटपाखरूही फिरकलं नाही.

मँचेस्टरहून येणारी ट्राम जिथे संपते, त्या हॉलक्लफ गावात कापडगिरण्या बंद पडून दोन पिढ्या उलटल्या होत्या. गिरण्यांत रात्रपाळी करायला पाकिस्तानातल्या मीरपूर आणि बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेल्या माणसांची नातवंडं कालव्याखालच्या गल्ल्यांमध्ये राहत. वर टेकडीवर कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, घरांत गोरी कुटुंबं. कुणी कायदा केला नव्हता, कुणी भिंत घातली नव्हती. तरी खालच्या शाळेत गोरं पोर औषधालाही सापडत नसे आणि वरच्या शाळेत सावळं. पोरं एकमेकांना बघायची ती सुपरमार्केटच्या रांगेत, आयांचा हात धरून.

सिमा ज्या शाळेची हेडटीचर होती ती बरोबर मधोमध, पुलाच्या तोंडाशी होती. निम्मी रिकामी. कौन्सिल ती बंद करायला निघाली, तेव्हा सिमानेच एक योजना पुढे ठेवली. शाळेत खरीखुरी सायन्स लॅब, प्रत्येक मुलाच्या हातात एक वाद्य, दोन्ही बाजूंनी मिनीबस. सक्ती कुणावरच नाही. ज्यांना हवं त्यांनी आपणहून यावं. कौन्सिलने मान डोलावली आणि अट घातली: येत्या सप्टेंबरचा पहिला वर्ग दोन्हीकडच्या मुलांनी भरून दाखवा, नाहीतर शाळेला कुलूप.

ओपन डे तर असा गेला. सिमा गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती टेकडी चढून गेली.

डॉना नावाची एक आई दारातच उभी राहिली. वृद्धाश्रमात नोकरी, घरात चार वर्षांचा टोबी. सिमाचं सगळं ऐकून ती म्हणाली, "गैरसमज करून घेऊ नका. तुमची लॅब वगैरे छानच असेल. पण माझा टोबी तिथे एकटा पडेल. बाकीची पोरं आपापल्या भाषेत बोलतील आणि हा भिंतीला टेकून उभा राहील."

त्याच आठवड्यात सिमा खालच्या गल्लीत नसरीनकडे गेली. नसरीन डेंटिस्टकडे रिसेप्शनवर होती, तिची मायरा टोबीएवढीच. "शाळा मला आवडली, मिस," नसरीन चहा ओतत म्हणाली. "पण वरची पोरं खरंच आली तर? मी लहानपणी टेकडीवरच्या शाळेत एक वर्ष काढलंय. माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. माझी मायरा एकटी पडेल हो."

परतताना सिमा पुलावर थबकली. एकमेकींना कधीही न भेटलेल्या दोन बायकांनी तिला एकच गोष्ट सांगितली होती.

घरी आल्या आल्या, कोटही न काढता, तिने नवऱ्याला गाठलं. एलिएझर आयुष्यभर सिग्नल इंजिनिअर होता, नुकताच रिटायर झाला होता. "अहो, भीती एकच आहे. पोर एकटं पाठवायची. मग एकटं पाठवायचंच कशाला? नर्सरीतली तीन-चार दोस्तमंडळी एकत्र घ्यायची, एकाच वर्गात ठेवायची. आणि आयांना आधी एकमेकींचं तोंड बघू दे."

"बघ बाई," एलिएझर म्हणाला. "इतकं सोपं असतं तर कौन्सिलने कुलपाची अट घातली नसती."

दर रविवारी सकाळी तिने लॅब उघडायला सुरुवात केली. डॉना शेजारणींना घेऊन आली खरी, पण अंगातला कोट न काढता दारापाशीच उभी राहिली. नसरीन जावांबरोबर खिडकीशी. मधे पोरं व्हिनेगर आणि खायचा सोडा मिसळत होती. टोबीने अख्खी बाटलीच उपडी केली. फेस उसळून मायराच्या फ्रॉकवर आला, आणि सगळे श्वास रोखून बघत असताना ती पोरगी खदखदून हसली. "अजून!" म्हणाली. दोन्ही आया टिश्यू घेऊन एकदमच धावल्या. त्या दिवशी डॉनाने कोट काढून खुर्चीला लावला.

दोन महिने बरे गेले. मग एका आठवड्यात सगळं फिरलं.

टेकडीवरच्या फेसबुक ग्रुपवर बातमी आली की नव्या शाळेत नाताळचं नाटक बंद होणार. खालच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सिनेगॉगबाहेरचा एक फोटो फिरला. त्यात सिमा आणि एलिएझर. खाली कुणीतरी लिहिलं होतं: आपल्या मुलांच्या शाळेची हेड ज्यू आहे, ठाऊक होतं का?

शुक्रवारी शाळा सुटल्यावर सिमा गाडीपाशी गेली तर चारही टायर फाडलेले. ती ट्रामने घरी आली. एलिएझर शुक्रवार संध्याकाळचे शब्बाथचे दिवे लावायची तयारी करून वाट बघत होता. तिचा चेहरा बघून त्याने काडेपेटी खाली ठेवली.

"कुणी केलं?"

"माहीत नाही. खालच्यांनी केलं का वरच्यांनी, तेही माहीत नाही."

"सिमा, पुरे झालं. आपण लंडनला लेकीकडे, मिखालकडे जाऊ. आयुष्यभर शिकवलंस. आता अंगावर घेऊ नकोस."

तिने काडेपेटी उचलली. मग म्हणाली, "आत्ता गेले तर दोन्हीकडचे म्हणतील, बघा, आम्ही म्हणत होतो ना." आणि दिवे तिनेच लावले. काडी मात्र दोनदा विझली.

बुधवारी तिने पालकांची सभा बोलावली. या वेळी दोन्ही दारांतून लोक आले, आणि मधे रिकामी वाट सोडून दोन बाजूंना बसले. मागे एक पोलीस उभा होता. एलिएझर त्याच्याच शेजारी.

टेकडीवरच्या गॅरी नावाच्या माणसाने नाताळचं विचारलं. सिमा म्हणाली, "नाटक होणार. ईदही होणार." थोडी कुरकुर झाली. मग उजवीकडून, खालच्या गल्लीतल्यांमधून, एक दाढीवाला गृहस्थ उठला. आवाज शांत होता.

"मिस, तुम्ही ज्यू आहात हे आमच्यापासून का लपवलंत?"

सगळ्या माना सिमाकडे वळल्या.

"लपवलं नाही," सिमा म्हणाली. "पण तुम्ही सगळे मला हिंदू समजत होतात आणि मी ते दुरुस्त केलं नाही. सोपं जात होतं म्हणून. ते माझं चुकलं." तिने टेबलाची कड धरली. "माझी माणसं कोकणातली. तेलाचे घाणे चालवायची. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. शेजार मुसलमानांचा होता. माझ्या आजीच्या बाळंतपणाला शेजारची मुसलमान सुईण आली होती."

"ते तिकडचं झालं. आज ज्यूंच्या देशाच्या बॉम्बखाली मुलं मरतायत, त्याचं काय?"

"मला झोप लागत नाही. मुलं कुणाचीही असोत. पण हे दुःख तुम्हाला पटवून द्यायला मी इथे उभी नाही. तुमच्या चार वर्षांच्या मुलांची जबाबदारी मागायला उभी आहे."

काही जण उठून चालते झाले. त्यांच्याकडे बघून गॅरी मोठ्याने हसला, "जा, जा, थेट आपल्या देशातच जा!" त्यासरशी खुर्च्या सरकल्या, चार-सहा जण मधल्या वाटेत उतरले, पोलीस पुढे झाला. सिमाला वाटलं, संपलं.

"गॅरी, बस खाली!" डॉना ओरडली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "तुला पोर नाही, बाळ नाही. तू आलासच कशाला इथे?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्या फटीत नसरीन उभी राहिली. सासू तिची ओढणी खेचत होती. नसरीनने ती हलकेच सोडवून घेतली.

"मिस, मला एवढंच विचारायचंय. मायरा आणि टोबी एकाच वर्गात असतील का?"

"असतील," सिमा म्हणाली.

"मग माझं ठरलं."

सासू मागे न बघता निघून गेली. नसरीन उभीच राहिली.

जानेवारीत अर्जांची मुदत संपली तेव्हा दोन्हीकडची कितीतरी कुटुंबं गळाली होती. जी उरली त्यांच्यात वर्ग जेमतेम भरला, आणि त्यातही खालच्यांची मुलं जास्त. कौन्सिलच्या अधिकारी बाईंनी नाक मुरडलं, पण कुलूप लावलं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या सकाळी खालची मिनीबस वेळेवर आली. वरची येईना. घंटा व्हायची वेळ टळून गेली. फाटकाशी नसरीन मायराचा हात धरून उभी. "मिस, टोबी कुठाय?" मायराने तीनदा विचारलं. डॉनाचा फोन लागत नव्हता. सिमाच्या डोळ्यांसमोर ते फाडलेले टायर आले. ती फाटक सोडून टेकडीच्या रस्त्याला लागली, आधी भराभर, मग चक्क पळत.

वळणावर तिला ती मंडळी दिसली. पुढे डॉना, मागे दोन-दोनची रांग करून पोरं, शेवटी दोन आया आणि डोकं खाजवत येणारा ड्रायव्हर. कुणीतरी रस्त्यात आडवी गाडी लावून पसार झालं होतं. बस निघेना.

"मग म्हटलं, पाय आहेत की," डॉना धापा टाकत म्हणाली. तिचा हात गार पडला होता. सिमाने तो धरला, आणि बाकीचा उतार दोघी तशाच उतरल्या.

ही गोष्ट होऊन दोन वर्षं झाली. शाळा चालू आहे. निम्मी-निम्मी अजून झालेली नाही. खालची मुलं आजही जास्त आहेत. सभेतल्या त्या दाढीवाल्या गृहस्थाने या वर्षी नातवाला शाळेत घातलंय, पण सिमाशी तो कामापुरतंच बोलतो. नसरीनची सासू अजून फाटकाच्या आत आलेली नाही. एलिएझर लंडनचा विषय दर महिन्याला काढतो, आणि रविवारी लॅबमधल्या काचेच्या नळ्या धुवायला तोच पहिला हजर असतो.